अक्षरे ठरलेली, शब्द लपलेला

इंग्रजी शब्दांशी खेळण्याचे प्रकार पुष्कळ आहेत. मला त्यांतला एक मनापासून आवडतो. तीन-चार अक्षरे मनाशी धरायची आणि ती सगळी ज्याच्या पोटात आहेत असा, जमेल तितका लांब शब्द शोधायचा. अर्थाची अट नाही, क्रमाची अट नाही, मध्ये दुसरी कितीही अक्षरे आली तरी हरकत नाही. नियम एका वाक्यात संपतो; पण त्या नियमाच्या मागे लागलेल्या माणसाला इंग्रजी शब्द कुठून आले, ते कसे वाढले आणि कोणते अक्षर कोणाच्या शेजारी बसायला तयार होत नाही, हे सारे हळूहळू कळू लागते, आणि तेही कोणी शिकवल्याशिवाय.

एक उदाहरण सावकाश पाहू. एच, वाय, पी आणि एम ही चार अक्षरे घेतली. इंग्रजी वाचायची सवय असलेले डोके सर्वप्रथम पी आणि एच यांना शेजारी बसवते, कारण ‘फ’चा उच्चार देणारी ही जोडी त्याला पाठ असते. जोडी जमली की तिच्याबरोबर ‘ग्राफी’ हे शेपूट येते, वाय त्यातच मिळून जातो, आणि उरलेल्या एमसाठी थोडी शोधाशोध केली की ‘सिनेमॅटोग्राफी’ हाती लागतो. १४ अक्षरे. शब्द भारदस्त आहे, सर्वांच्या ओळखीचा आहे, आणि म्हणूनच बहुतेक जण इथे समाधानाने थांबतात. पण पी आणि एच यांची ही जोडी आपणच लावलेली असते. खेळाने तशी अट घातलेली नसते. ती फोडली, दोघांमध्ये दुसरी अक्षरे सरकवली, की वेगळाच शब्द दिसू लागतो: ‘सिम्पथी’. त्यात पी आहे, एच आहे, एम आहे आणि वाय तर दोनदा आहे. आता त्याला शेपटे लावत जायची. ‘सिम्पथेटिक’, त्यानंतर ‘सिम्पथेटिकली’, म्हणजे १५ अक्षरे. आणि पुढून ‘अन’ जोडला की ‘अनसिम्पथेटिकली’, १७. ज्या शब्दाचा उच्चारही आपण विचार न करता करतो, तो ‘सिनेमॅटोग्राफी’ला तीन अक्षरांनी मागे टाकून जातो.

याच चौकडीत आता डब्ल्यू घालून पाहावा. इतका वेळ उपयोगी पडलेले ग्रीक वळणाचे जवळजवळ सगळे शब्द एका फटक्यात बाद होतात, कारण ग्रीकमधून आलेल्या शब्दांत डब्ल्यूला स्थान नाही. आता पी आणि एच यांना सोडून डब्ल्यू आणि एच यांची जोडी लावावी लागते, वाय हा शेवटच्या ‘ली’तून मिळवावा लागतो, आणि बराच वेळ खर्ची पडल्यावर ‘व्हिम्परिंगली’ हा १२ अक्षरांचा शब्द सापडतो. मुळुमुळु रडत, असा त्याचा अर्थ. शोधणाऱ्याची अवस्थाही तोवर साधारण तशीच झालेली असते.

देवनागरीत वाचायला शिकलेल्या माणसाला या खेळात एक अधिकची कसरत करावी लागते. आपल्या डोळ्यांना अक्षर म्हणजे स्वरासकट उच्चारला जाणारा एक घटक दिसतो. स्वर मात्रेच्या रूपाने व्यंजनाला बिलगून असतो आणि व्यंजने एकमेकांत गुंतून जोडाक्षरे होतात. ‘स्ट्रेंग्थ्स’ हा शब्द आपण लिहितो तेव्हा तो दोन जोडाक्षरांत मावतो. इंग्रजीत त्याची नऊ अक्षरे होतात: एस, टी, आर, ई, एन, जी, टी, एच, एस. नऊ अक्षरांत स्वर एकच, आणि तोही मधोमध आठ व्यंजनांच्या कोंडीत सापडलेला. ‘क्यू’ म्हणजे रांग, हे याच्या उलट टोकाचे उदाहरण आहे. आपल्या लिपीत ते एक अक्षर. इंग्रजीत पाच, त्यांतली चार नुसतीच मागे उभी. त्याचे ‘क्यूइंग’ केले आणि मधला ई तसाच ठेवला, की सलग पाच स्वर एका रांगेत येतात, आणि इतके स्वर एकापाठोपाठ उभे असलेला दुसरा रोजच्या वापरातला शब्द मिळणे अवघड आहे. म्हणून इंग्रजी अक्षरांचा शोध कानाने घेता येत नाही. शब्द ऐकू येतो तसा सोडून द्यावा लागतो आणि छापलेला डोळ्यांसमोर आणावा लागतो.

या खेळातला मला सर्वांत रस असलेला भाग मात्र अक्षरांच्या घराण्यांचा आहे. इंग्रजी ही भाषा थरांची बनलेली आहे: खाली जर्मानिक कुळातील जुने आखूड शब्द, त्यांवर नॉर्मन विजयानंतर, म्हणजे १०६६ नंतर, आलेले फ्रेंच शब्द, आणि त्यांवर विद्वानांनी रचलेले लॅटिन व ग्रीक शब्द. दुर्मिळ अक्षर हातात आले की ते कोणत्या थरातले आहे हे ओळखायचे, आणि मग त्याच थरात खणायचे. के आणि डब्ल्यू ही तळच्या थरातली अक्षरे. तिथले शब्द मुळात लहान, त्यामुळे ते लांब होतात ते एकमेकांना जोडून: ‘स्ट्रेटफॉरवर्ड’, ‘नॉटविथस्टँडिंग’, दोन्ही १५ अक्षरी. के आणि डब्ल्यू दोन्ही हवे असतील तर ‘नो’ म्हणजे जाणणे, या साध्या क्रियापदाकडे जावे; त्यातला के मुका आहे, डब्ल्यूही जवळजवळ मुकाच, पण दोघे जागेवर आहेत, आणि ‘अक्नॉलेजमेंट’मध्ये जीनंतरचा ई न गाळता लिहिले तर ते १५ अक्षरांपर्यंत ताणले जातात.

क्यू या अक्षराची कथा वेगळी आहे. जुन्या इंग्रजीत ‘क्वीन’ हा शब्द सी आणि डब्ल्यूने सुरू होत असे. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्या जोडीच्या जागी क्यू आणि यू आणले, आणि तेव्हापासून क्यू एकटा फारसा फिरत नाही. अटीत क्यू असेल तर यू फुकट मिळाला असे समजावे. यूशिवायचा क्यू पाहिजे असेल तर ‘फकीर’, ‘कनात’ म्हणजे जमिनीखालचा पाट, असल्या अरबीच्या वाटेने आलेल्या शब्दांकडे वळावे लागते, आणि ते आखूड असतात. क्यू आणि डब्ल्यू एकाच शब्दात मागणे म्हणजे दोन थरांना एकत्र बसवणे आहे. ‘स्क्वॉक’ म्हणजे पक्ष्याचे केकाटणे त्यात बसतो, शिवाय केही घेऊन येतो, पण त्याच्या पुढे फार लांब जाता येत नाही.

जे हे अक्षर लिपीत फार उशिरा वेगळे झाले. शतकानुशतके ते आयचेच एक वळण होते. इंग्रजीतील लांब शब्दांत त्याचा मुक्काम बहुधा एकाच ठिकाणी असतो, ते म्हणजे ‘फेकणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला ‘जेक्ट’. ‘ऑब्जेक्शनेबल’, ‘सब्जेक्टिव्हिटी’, ‘इंटरजेक्शन’, ही सगळी त्याचीच पिलावळ. त्यामुळे जे दिसला की ‘जेक्ट’चे दार आधी ठोठवावे, पण जे आणि एक्स दोन्ही मागितले असतील तर ते दार बंद होते आणि ‘जक्स्टपोझिशन’ या १३ अक्षरी शब्दाची आठवण व्हावी लागते. हा शब्द सुचला की त्या दिवशी माझा मूड बराच वेळ चांगला राहतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

झेडविषयी एक गंमत आहे. तो दुर्मिळ मानला जातो, आणि लहान शब्दांत खरोखरच कमी आढळतो; पण शब्द लांबत गेला की ‘आइझ’ आणि ‘आयझेशन’ या शेपटांतून तो सहज येऊ लागतो. ‘इंटरनॅशनलायझेशन’ हा २० अक्षरांचा शब्द याचा नमुना. संगणकक्षेत्रातल्या लोकांना तो टंकायचा इतका कंटाळा, की पहिला आय, शेवटचा एन आणि मधल्या अक्षरांची संख्या १८ एवढेच लिहून ते मोकळे होतात. मात्र ब्रिटनमध्ये पुष्कळ लोक याच शेपटात झेडऐवजी एस लिहितात. म्हणजे झेड असलेले लांब शब्द किती, या प्रश्नाचे उत्तर समोर कोणाचा कोश उघडला आहे यावर अवलंबून राहते.

कोणते अक्षर दुर्मिळ आणि कोणते सढळ, याचा हिशेब लोकांनी फार पूर्वीपासून ठेवला आहे, आणि तो ठेवणाऱ्यांत खिळे जुळवणारे आघाडीवर होते. छापखान्यात ईचे खिळे सर्वांत जास्त लागतात हे जुळाऱ्याला हाताच्या सवयीनेच कळत असे. मोर्सच्या तारायंत्राच्या लिपीत ईसाठी एक टिंब आणि टीसाठी एक रेघ ठेवली गेली ती याच हिशेबाने. पुढे छपाईचे खिळे जुळवणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या कळाही वापराच्या क्रमाने मांडलेल्या होत्या. १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेले अमेरिकन वास्तुरचनाकार अल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरे मोजून, अक्षरांच्या सोंगट्या पाटावर मांडून शब्द जुळवण्याचा एक खेळ रचला, तोच आजचा स्क्रॅबल. त्याच्या १०० सोंगट्यांत ई बारा वेळा येतो. क्यू आणि झेड प्रत्येकी एकदाच, आणि त्यांचे गुण दहा. एस मात्र चारच. भाषेत तो इतका कमी नाही, पण प्रत्येक नामाला एस चिकटवून अनेकवचने करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो मुद्दाम कमी ठेवला आहे, आणि माझ्या मते हा त्या खेळातला सर्वांत शहाणा निर्णय आहे. पाटावर एका ओळीत १५ घरे असतात. त्यामुळे स्क्रॅबल खेळणाऱ्यांच्या याद्या १५ अक्षरांशी संपतात, आणि लांब शब्द म्हणजे १५ अक्षरांचा शब्द अशी एक सवय अनेकांच्या नजरेला लागून जाते. मलाही ती लागली आहे, हे वरच्या उदाहरणांवरून लक्षात आलेच असेल.

आता संगणकाविषयी. शब्दांची यादी आणि दोन ओळींची आज्ञा एवढ्यावर तो हे सारे काम डोळ्याचे पाते लवण्याआधी करतो. त्याच्या युक्त्यांपैकी एकच सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात गणिताचे सौंदर्य आहे. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्यायची: एला २, बीला ३, सीला ५, डीला ७, ईला ११, असे करत झेडला १०१. शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार केला की त्या शब्दाची ओळखसंख्या तयार होते. ‘बॅड’ची ३, २ आणि ७ मिळून ४२. त्यात ई घातला की ४६२, आणि ‘बीड’ म्हणजे मणी व ‘अबेड’ म्हणजे अंथरुणात, या दोन्ही शब्दांची संख्या तीच येते, कारण अक्षरे तीच, फक्त क्रम बदललेला. एखाद्या शब्दात आपली ठरलेली अक्षरे आहेत का, हे पाहायला त्या संख्येला अक्षरांच्या गुणाकाराने भागायचे. बाकी शून्य राहिली तर आहेत, नाहीतर नाहीत. शब्दाचा प्रश्न भागाकारावर येऊन थांबतो.

यंत्राच्या वेगाचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. पाच अक्षरांचे असे पाच शब्द शोधायचे की पंचवीसही अक्षरे वेगवेगळी असतील. गणिताचे लोकप्रिय लेखक मॅट पार्कर यांनी त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम सुमारे महिनाभर चालला. त्यांच्या चाहत्यांनी तो सुधारत सुधारत सेकंदाच्या छोट्या अंशावर आणला. एक उत्तर असे: ‘फ्योर्ड’, ‘गक्स’, ‘निंफ’, ‘व्हायबेक्स’, ‘वॉल्ट्झ’. एकट्या क्यूला त्यात जागा नाही. उत्तर बिनचूक आहे, पण ‘गक्स’ आणि ‘व्हायबेक्स’ हे शब्द कोशाच्या तळातून उपसून काढलेले आहेत, आणि ते वाचून मला विशेष आनंद झाला नाही. ‘फ्योर्ड’ आणि ‘वॉल्ट्झ’ यांचे अक्षरांच्या दृष्टीने किती उत्तम जमते, हे मात्र पाहतच राहावे असे आहे.

इथे माझा पक्ष स्पष्ट करतो. लांब शब्द शोधताना सापडलेला शब्द आधीपासून माहीत असलेला असावा, असा माझा आग्रह आहे. लांबीचीच हौस असेल तर इंग्रजीत राक्षस कमी नाहीत. फुप्फुसात बारीक सिलिकाची धूळ गेल्याने होणाऱ्या आजाराचे म्हणून सांगितले जाणारे ४५ अक्षरांचे नाव अमेरिकेतल्या शब्दकोड्यांच्या शौकिनांच्या संघटनेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५मध्ये मुद्दाम घडवले, आणि ते कोशांत जाऊनही बसले. लांब व्हावा म्हणूनच जन्माला घातलेला शब्द लांब निघाला, यात आश्चर्य कसले? त्यात तुमची ठरलेली अक्षरे असली तरी तो जाळ्यात सापडलेला मासा नव्हे, कोणीतरी आधीच आणून ठेवलेला आहे. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा २९ अक्षरांचा शब्दही गमतीसाठीच रचलेला. पण त्याच्यावर माझा थोडा लोभ आहे, कारण इतक्या लांबीत आय नऊ वेळा येतो आणि इंग्रजीतले सर्वांत सढळ अक्षर ई एकदाही येत नाही.

याउलट ‘एज्युकेशन’ पाहा. पाचही स्वर त्यात एकेकदा आहेत, आणि शाळेत पाऊल टाकल्यापासून हा शब्द डोळ्यांसमोर असूनही ते बहुतेकांना कधी दिसलेले नसतात. स्वर ठरलेल्या क्रमाने हवेत, ए, ई, आय, ओ, यू, तर ‘फसीशस’ म्हणजे अवेळी थट्टा करणारा आणि ‘ॲबस्टीमियस’ म्हणजे मिताहारी, हे दोन तयार आहेत. दोघांना ‘ली’ जोडला की वायही आपल्या जागी शेवटी येतो. क्रम उलटा हवा असेल तर ‘सबकाँटिनेंटल’ आहे, ‘अनकाँप्लिमेंटरी’ आहे. वर्णमालेतली सलग चार अक्षरे, आर, एस, टी, यू, कोणत्या शब्दात याच क्रमाने शेजारी शेजारी येतात, हा प्रश्न अवघड वाटतो. ऐनवेळी भूमिका करता यावी म्हणून तयार ठेवलेल्या नटाचे नाव, ‘अंडरस्टडी’, हे त्याचे उत्तर. ‘बुककीपर’मध्ये ओ, के आणि ई लागोपाठ दुहेरी होतात. ‘टाइपरायटर’ची दहाही अक्षरे त्या यंत्राच्या वरच्या ओळीतच आहेत, आणि ‘स्ट्युअर्डेसेस’ हा १२ अक्षरी शब्द एकट्या डाव्या हाताने टंकून होतो. यांतला एकही शब्द शोधायला कोश लागत नाही. लागते ती नजर, आणि तिच्या आड अर्थ आलेला असतो. शब्द समजला की आपण त्याच्याकडे पाहणे सोडून देतो, त्याच्या पलीकडे निघून जातो.

अर्थ आड येतो म्हणावे, तर त्याचा पुरावा न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी दिलेला आहे. इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेतेपद त्यांनी पाच वेळा मिळवले. आणि २०१५मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हते. शब्दांची यादी तेवढी पाठ केलेली होती. त्या पराक्रमापुढे मान झुकवावीच लागते. तरी ती विद्या मला नको आहे. ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही तो सापडल्याचे मला समाधान होत नाही, आणि अर्थ बाजूला ठेवून पाहण्यातली मौज अर्थ आधी माहीत असल्याशिवाय यायची कशी? फ्रेंचांचा यासंबंधीचा षोक जुनाच. जास्तीत जास्त लांब शब्द शोधण्याचा खेळ त्यांच्या दूरचित्रवाणीवर १९६५पासून होता, आणि त्याच्याच धर्तीवर ब्रिटनमध्ये १९८२साली ‘काउंटडाउन’ सुरू झाला. नऊ अक्षरे, तीस सेकंद, आणि नऊच्या नऊ वापरली तर गुण दुप्पट. मला तीस सेकंदांची ही घाई मानवत नाही. चांगला शब्द आंघोळ करताना, दुसऱ्याच कुणाशी बोलताना, अक्षरे विसरायला झाल्यावर सुचतो.

सध्या माझे डोके ज्याने व्यापले आहे ती अट उलट्या बाजूची आहे: शब्द लांब असावा, पण एकही अक्षर दोनदा येऊ नये. ‘अनकॉपीराइटेबल’ आणि बोटांच्या टोकांवरील रेषांचा अभ्यास, म्हणजे ‘डर्मेटोग्लिफिक्स’, हे दोन्ही १५ अक्षरांचे आहेत आणि अट पाळतात. दुसऱ्याच्या आधी ‘सब’ लावून आणि शेवटचा एस काढून १७ अक्षरांचा शब्दही शब्दशौकिनांनी सिद्ध केला आहे. पण तो या अटीसाठीच घडवलेला असल्यामुळे त्या ४५ अक्षरी आजाराच्या पंक्तीत बसतो. ‘अनकॉपीराइटेबल’ला एस लावून १६ करणारेही आहेत. विशेषणाचे अनेकवचन मला मान्य नाही. आणि एस नाकारला की वाट खरोखरच अरुंद होते, कारण या शब्दाने पाचही स्वर आणि वायदेखील संपवलेला आहे; उरतात ती डी, एफ, जे, के, एम, क्यू, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड ही अकरा व्यंजने, आणि त्यांतले शब्दाच्या शेवटी सहज चिकटणारे दुसरे अक्षर म्हणजे डी, ज्याच्यासाठी आधी क्रियापद हवे. तेव्हा सोळावे अक्षर या शब्दाला मिळणार नाही. दुसरा शब्द पाहिला पाहिजे.